खंडेनवमी, कारखान्यातील
आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रे व उपजीविकेची अवजारे पूजण्याची महाराष्ट्रातील प्रथा. शेतकऱ्याचा नांगर आणि सुताराची पटाशी यांना मिळणारा हा मान औद्योगिकीकरणानंतर यंत्रांनाही मिळू लागला. उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यात, १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झालेल्या खोपोलीपासून खालापूर तालुक्यातील कुंभिवलीपर्यंतच्या औद्योगिक परिसरात जुनी शेती आणि नवे कारखाने शेजारी नांदतात. अशा कारखान्यांत यंत्रे थांबवून, झाडूनपुसून त्यांना हळदकुंकू व झेंडूच्या माळा वाहतात, नारळ फोडतात आणि प्रसाद वाटतात. कामधंद्याशी जोडलेले असे विधी अन्यत्रही आढळतात; कोरियात नवा व्यवसाय आरंभताना ‘गोसा’ हा, डुकराचे शिर व मद्य अर्पण करून यश मागण्याचा विधी करतात. श्रमसाधनांविषयीची कृतज्ञता हे मात्र खंडेनवमीचे सर्वांत मोलाचे अंग होय.