एक नाव, दोन पत्ते : अनेक नेटवर्क कार्डांचा विंडोज सर्व्हर आणि नामनिराकरणाचा इतिहास

प्रस्तावना

संगणकजालात यंत्रे परस्परांना अंकी पत्त्यांनी ओळखतात. माणसे मात्र त्यांना नावांनी ओळखतात. नावावरून पत्ता शोधून देण्याच्या क्रियेस नामनिराकरण म्हणतात आणि हे कार्य डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, ही व्यवस्था करते. एकाच सर्व्हरमध्ये दोन वा अधिक नेटवर्क कार्डे बसविली की ही व्यवस्था अनेकदा अडखळते. काही संगणकांना सर्व्हर सापडतो, काहींना सापडत नाही. सकाळी चालणारी सेवा दुपारी बंद पडते. केबल, स्विच वा कार्ड यांपैकी कशातही बिघाड दिसत नाही. अशा वेळी दोष तंत्रज्ञाच्या माथी येतो, किंवा धडधाकट कार्ड बदलले जाते. वस्तुतः या बिघाडाचे मूळ १९८० च्या दशकात स्वीकारलेल्या एका गृहीतकात आहे. ते गृहीतक केव्हा व कसे मोडले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

गृहीतकाची जडणघडण

अर्पानेटच्या काळात सर्व यंत्रांची नावे व पत्ते एका फाइलमध्ये नोंदविलेले असत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एसआरआय संस्थेचे नेटवर्क माहिती केंद्र, एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखाली, ही यादी सांभाळीत असे. यंत्रांची संख्या वाढताच ही पद्धत अपुरी पडू लागली. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ व ८८३ या दस्तऐवजांतून डीएनएसची मांडणी केली. नोव्हेंबर १९८७ मध्ये आरएफसी १०३४ व १०३५ यांनी त्यांची जागा घेतली.

आरएफसी १०३४ मधील एक उदाहरण येथे लक्षणीय ठरते. त्यात वर उल्लेखिलेल्या माहिती केंद्राच्याच यंत्रापुढे दोन पत्ते दिले आहेत : २६.०.०.७३ आणि १०.०.०.५१. पहिला पत्ता मिलनेट या लष्करी जालातील, दुसरा अर्पानेटमधील. म्हणजे एक नाव व दोन जोडण्या असलेले यंत्र डीएनएसच्या जनकांना अपरिचित नव्हते. त्याच दस्तऐवजात असा नियम आहे की, एका नावापुढील समान प्रकारच्या नोंदींच्या क्रमाला काही अर्थ नाही. कोणताही पत्ता घ्या, यंत्रापर्यंत पोहोचताच येईल, हे त्यामागील गृहीतक होय. दोन्ही जाले गेटवेंनी जोडलेली असल्याने त्या काळी ते बहुतांशी खरेही होते.

ऑक्टोबर १९८९ मधील आरएफसी ११२२ ने या प्रश्नाची दखल घेतली. अनेक जोडण्यांच्या यंत्रामुळे बराच गोंधळ व गुंतागुंत निर्माण होते आणि ते सोडविण्यात इंटरनेटची रचना फार कमी पडते, अशी कबुली त्यात आहे. (तांत्रिक मानकांत इतका प्रांजळपणा क्वचितच आढळतो.) आरएफसी ११२३ ने, आपल्याशी थेट जोडलेल्या जालातील पत्त्यास पसंती द्यावी, अशी शिफारस केली. ती शिफारस होती, सक्ती नव्हे.

खाजगी पत्ते

मार्च १९९४ मधील आरएफसी १५९७ ने, आणि त्याच्या जागी आलेल्या फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १९१८ ने, काही पत्ते संस्थांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले. १९९० मध्ये अर्पानेट बंद झाल्यावर मोकळा झालेला १० या अंकाने सुरू होणारा गट त्यांत होता. ज्या गटातील पत्ता १९८७ च्या उदाहरणात सर्वांना खुला होता, तोच गट आता भिंतीआड गेला. वाड्याला दिंडी दरवाजा आणि परसदार असावे, आणि परसदार फक्त घरच्या माणसांनाच उघडावे, तशी ही स्थिती होती. नाव विचारणाऱ्याला कोणत्या दाराचा पत्ता द्यायचा, हे सांगण्याची सोय मात्र मूळ रचनेत नव्हती.

विंडोज २००० आणि त्यानंतर

विंडोज एनटीच्या काळात मायक्रोसॉफ्टच्या जालांचा भर नेटबायॉस नावांवर आणि विन्स या सेवेवर असे. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मधील अॅक्टिव्ह डिरेक्टरीने डीएनएसला अनिवार्य केले. डोमेन कंट्रोलर कोठे आहे, हेही ग्राहक संगणक डीएनएसलाच विचारू लागला. त्याला जोड मिळाली ती आरएफसी २१३६ (एप्रिल १९९७) मधील गतिमान नोंदणीची. पूर्वी नोंदी माणूस हाताने करीत असे, म्हणून बाहेरचा पत्ता आत लिहिण्याचा प्रमाद सहसा घडत नसे. आता सर्व्हर आपल्या प्रत्येक कार्डाचा पत्ता स्वतःच नोंदवू लागला. स्मॉल बिझनेस सर्व्हर २००० व २००३ यांत तर डोमेन कंट्रोलर, डीएनएस, टपालसेवा आणि इंटरनेटचे प्रवेशद्वार ही सारी कामे दोन कार्डांच्या एकाच यंत्राकडे देता येत. लहान संस्थांना ही काटकसर आकर्षक वाटणे स्वाभाविक होते.

परिणामी सर्व्हरच्या नावापुढे आतला व बाहेरचा असे दोन्ही पत्ते येऊ लागले. विंडोजचा डीएनएस सर्व्हर विचारणाऱ्याच्या सबनेटमधील पत्ता आधी देण्याचा प्रयत्न करतो. परंतु ग्राहक तिसऱ्याच सबनेटमध्ये असेल तर पत्ते आळीपाळीने पुढे येतात. म्हणूनच बिघाड सर्वांना एकाच वेळी दिसत नसे.

दुरुस्तीतील खरी अडचण याहून पुढची होती. बाहेरच्या कार्डावरील ‘पत्ता डीएनएसमध्ये नोंदवा’ ही खूण काढावी, चुकीची नोंद पुसावी, आणि सर्व्हर पुन्हा सुरू होताच ती नोंद परत हजर व्हावी, असा अनुभव सार्वत्रिक होता. याचे कारण असे की, विंडोज २००० व २००३ मध्ये नोंद लिहिणारे हात एकाहून अधिक होते. यंत्राच्या नावाची नोंद डीएचसीपी क्लायंट सेवा करीत असे, डोमेनच्या नावापुढील पत्ते नेटलॉगॉन सेवा लिहीत असे, आणि डीएनएस सेवा स्वतः ज्या पत्त्यांवर ऐकत असे तेही नोंदवीत असे. खूण काढल्याने पहिलाच हात थांबत असे. डीएनएस सेवेस केवळ आतल्या पत्त्यावर ऐकावयास लावणे आणि रजिस्ट्रीत प्रकाशित करावयाचे पत्ते ठरवून देणे, हे उपाय त्यासाठी करावे लागत.

दुसरा गैरसमज ‘पर्यायी डीएनएस सर्व्हर’ या शब्दप्रयोगातून उद्भवला. पहिल्याला उत्तर ठाऊक नसल्यास दुसऱ्याला विचारले जाते, अशी समजूत आजही आढळते. प्रत्यक्षात पहिला गप्प राहिला तरच दुसऱ्याकडे जाणे होते. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तर अंतिम मानले जाते. बाहेरच्या कार्डावर इंटरनेट सेवादात्याचा डीएनएस लिहिलेला असल्यास आतली नावे अधूनमधून नाहीशी होतात, ती यामुळे. शिवाय एनएसलुकअप हे साधन ग्राहकाची साठवलेली उत्तरे व होस्ट्स फाइल यांना वगळून थेट सर्व्हरला विचारते; त्यामुळे ते बरोबर उत्तर देते आणि पिंग मात्र चुकीच्या पत्त्यावर जाते, असे घडू शकते.

स्मॉल बिझनेस सर्व्हर २००८ मध्ये दोन कार्डांच्या रचनेचा पाठिंबाच काढून घेण्यात आला. नोव्हेंबर २०११ मधील आरएफसी ६४१८ ने अनेक जोडण्यांच्या यंत्रांचा प्रश्न नव्याने मांडला. तोवर तो वायफाय आणि मोबाइल जाल एकाच वेळी वापरणाऱ्या हातातील उपकरणांपर्यंत पोहोचला होता. विंडोज ८ (२०१२) पासून सर्व जोडण्यांवर एकाच वेळी विचारणा करण्याची पद्धत आली. वेग वाढला, पण संस्थेतील खाजगी नावे बाहेरच्या सर्व्हरकडेही जाऊ लागली. ती पद्धत बंद करण्याची सोय ग्रुप पॉलिसीत द्यावी लागली. कोणत्या नावासाठी कोणाला विचारावे, हे ठरविणारा तक्ता विंडोज ७ व सर्व्हर २००८ आर२ यांत २००९ मध्येच उपलब्ध झाला होता. त्यातील नोंदी मात्र प्रशासकालाच भराव्या लागतात.