वसईचे दुभाषे : संत गोन्सालो गार्सिया

१/ भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत वसईचे, हे महाराष्ट्रातही फारसे कोणास ठाऊक नसते.

२/ जन्म १५५६च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांच्या सोबतीने ते कोवळ्या वयात जपानला गेले, तिथली भाषा आत्मसात केली. संघात मात्र त्यांना प्रवेश मिळाला नाही. (मिश्रवंशीयांना त्या काळी ही दारे सहसा बंदच असत.)

३/ मग ते व्यापारात उतरले, जम बसवला. आणि मनिलात सारा पसारा सोडून फ्रान्सिस्कन बंधू झाले. ख्रिस्ती ते जन्मतःच होते. त्यांचे खरे मनपरिवर्तन मला इथे दिसते.

४/ १५९३मध्ये पेद्रो बाप्तिस्तांचे दुभाषे म्हणून ते जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. तीनच वर्षांनी त्याच हिदेयोशीने अटकेचा हुकूम काढला. क्योतोत डाव्या कानाचा तुकडा कापून कैद्यांची धिंड काढली गेली. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंतची वाटचाल. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारले. सर्वांत धाकटा १२ वर्षांचा होता. क्रूसावरून स्तोत्रे गायली जात होती.

५/ संतपद मिळाले ८ जून १८६२ रोजी. तोवर वसईतून पोर्तुगीज जाऊन १२३ वर्षे लोटली होती.