सहस्रकुंड: धबधब्याचे दोन काठ

पहाटे उदगीरहून गाडी काढली, नांदेड-भोकर करत इस्लापूर गाठलं आणि शेवटचा टप्पा मुद्दाम चालत गेलो. सागाचं जंगल, आणि मग एकदम काळ्या कातळावरून कोसळणारी पैनगंगा! मित्रमंडळी फोटोत गुंतली. माझं लक्ष पलीकडच्या काठाकडे. (इतिहासाचा किडा, काय करणार!)

कारण हे पाणी म्हणजे एके काळची सरहद्द. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, तेव्हापासून अलीकडचा नांदेड निजामाचा आणि पलीकडचं उमरखेड इंग्रजी कारभाराखाली.

१५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडे तिरंगा लागला, अलीकडे नाही. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं, रझाकारांचा धुमाकूळ सुरू होता. आपल्याला शाळेत फक्त १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख पाठ असते, मधले तेरा महिने कुणी सांगतच नाही. त्या महिन्यांत नांदेडकडचे कार्यकर्ते नदी ओलांडून उमरखेडच्या कॅम्पात राहिले आणि तिथून परत संस्थानात घुसत. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटली गेली, तीही लढ्याच्या पैशासाठी. आमचं उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात, म्हणजे तेही निजामाच्याच राज्यात. विचार करा, एका नदीच्या रुंदीएवढ्या अंतरावर स्वातंत्र्य!

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. आता इथे फक्त नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांची हद्द आहे.