पाण्याची ओढ

भाईंदर पूर्वेची खारी खाडीच्या अंगाला, मिठागरांच्या शेजारी वसलेली आहे. उघडा समुद्र पाहायचा तर उत्तन-पालीकडे जावे लागते. या दोन पाण्यांतला फरक आपल्या प्रमाण मराठीने पुरेसा टिपलेला नाही, असे आम्हांला वाटते. भरती, ओहोटी, उधाण, भांग हे सारे शब्द चंद्राच्या हिशेबाचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणातले जुने गणित होडी घालणाऱ्याला पुरत असे. हौसेने लाटांत उतरणारा माणूस त्या गणितात धरलेलाच नव्हता.

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील 14 विद्यार्थी बुडाले. पंचांग उघडून पाहिले तर त्या दिवशी पौष कृष्ण अष्टमी होती. म्हणजे भांगाचे दिवस, उधाणाचे नव्हेत. तिथी पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी (आणि सहली नेणारे आम्हीही त्यांतलेच) या नोंदीपाशी थांबावे.

किनाऱ्याशी आदळलेल्या लाटांचे पाणी वाळूच्या दांड्याआड साचते आणि दांड्यातल्या खिंडीतून अरुंद, वेगवान पट्ट्याने समुद्राकडे परतते. फ्रान्सिस शेपर्ड या अमेरिकन भूवैज्ञानिकाने 1936 साली या प्रवाहाला स्वतंत्र नाव सुचवले, ते त्याला ओहोटीपासून वेगळे काढण्यासाठीच. भरती-ओहोटीने त्याचा जोर कमी-अधिक होतो खरा, पण त्याला जन्म देते ती लाट. आपल्याकडे बोलीत 'पाण्याला ओढ आहे' असे म्हणतात. शब्द नेमका आहे. मात्र साहित्यात आपण ओढ केवळ मनाला लावली; 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांना सुचलेली कविता शिकवताना आम्हीही दुसऱ्या ओढीविषयी कधी बोललो नव्हतो.

ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. तिच्याविरुद्ध हात मारणारा दमतो, आणि दमल्यामुळे बुडतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, जमल्यास किनाऱ्याला समांतर सरकून मग लाटांबरोबर परतावे. वाचवायला मागोमाग उडी घेणे तर सर्वांत घातक.

6 फेब्रुवारी 1938 या रविवारी सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर सुमारे 250 जण एकाच वेळी बाहेर ओढले गेले. मृत्यू पाच झाले, कारण जीवरक्षक तेथे हजर होते. गोव्याच्या किनाऱ्यांवर अशी संघटित व्यवस्था 2008 मध्ये आली. लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये पोहावे, लाल झेंडा असेल तेथे उतरू नये, हा तिचा साधा नियम.

कळंगुटला विद्यार्थ्यांना तो पट्टा दाखवावा म्हणून आम्ही वाळूवर उभे राहिलो. लाटा फुटत होत्या तेथेच सगळ्यांच्या नजरा लागलेल्या. जीवरक्षकाने बोट दाखवले ते बाजूच्या, फेस नसलेल्या संथ पाण्याकडे. सगळ्यांनी पोहण्यासाठी हेरून ठेवलेली जागा तीच होती.