निकोलाए योर्गा : इतिहास लिहिणारा पंतप्रधान

रोमानियाचे इतिहासकार, प्राध्यापक, पत्रकार आणि माजी पंतप्रधान निकोलाए योर्गा (१८७१–१९४०) यांचे नाव त्या देशात आजही आदराने आणि काहीशा अवघडलेपणाने घेतले जाते. आदर त्यांच्या अफाट विद्वत्तेला आहे. अवघडलेपण आहे ते त्यांच्या राजकीय वाटचालीमुळे. ज्या उग्र राष्ट्रवादाच्या वातावरणाला त्यांच्या लेखणीने आरंभी बळ दिले, त्याच वातावरणातून पुढे आलेल्या संघटनेच्या माणसांनी २७ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांची हत्या केली.

योर्गा यांचा जन्म उत्तर मोल्दाव्हियातील बोतोशानी या गावी झाला. वडील वकील होते. पण ते लवकर वारले आणि कुटुंबाला ओढगस्तीचे दिवस काढावे लागले. विलक्षण स्मरणशक्ती आणि भाषा आत्मसात करण्याची हातोटी या दोन गोष्टींच्या बळावर योर्गा यांनी याश विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रम अवघ्या एका वर्षात, १८८९ मध्ये पूर्ण केला. त्यानंतर पॅरिस आणि जर्मनीत त्यांचे उच्च शिक्षण झाले. १८९३ मध्ये लाइपझिग विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते बुखारेस्ट विद्यापीठात इतिहासाचे अध्यापन करू लागले. १८९७ मध्ये रोमानियन अकादमीनेही त्यांना सदस्यत्व दिले.

दप्तरखान्यातला संशोधक

योर्गा यांची अभ्यासपद्धती मूळ कागदपत्रांवर उभी होती. युरोपातील अनेक शहरांच्या दप्तरखान्यांत बसून त्यांनी धर्मयुद्धांच्या उत्तरकाळाची साधने गोळा केली आणि ती अनेक खंडांत प्रसिद्ध केली. ऑटोमन साम्राज्याचा त्यांनी जर्मन भाषेत लिहिलेला पाच खंडांचा इतिहास १९०८ ते १९१३ या काळात प्रसिद्ध झाला. १९३५ मध्ये फ्रेंच भाषेत आलेल्या 'बायझँटियमनंतरचे बायझँटियम' या ग्रंथात त्यांनी एक वेगळा विचार मांडला. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले आणि राज्य संपले. पण त्या राज्याचे धर्मजीवन, विद्या आणि राजसत्तेची कल्पना पुढील कित्येक शतके बाल्कन प्रदेशात, विशेषतः रोमानियन संस्थानांत टिकून राहिली, असे त्यांचे प्रतिपादन होते. आग्नेय युरोपच्या इतिहासाकडे पाहण्याची ही दृष्टी नंतरच्या अनेक अभ्यासकांनी स्वीकारली. १९२४ मध्ये बायझँटाइन अभ्यासाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद बुखारेस्टमध्ये भरली, त्यामागे योर्गा यांचाच पुढाकार होता.

त्यांच्या नावावर सुमारे १,२५० पुस्तके आणि पुस्तिका तसेच सुमारे २५,००० लेख असल्याचे सांगितले जाते. इतिहासाबरोबर त्यांनी नाटके, कविता, प्रवासवर्णने आणि आत्मचरित्रही लिहिले. एवढ्या वेगाने झालेल्या लेखनात चुका राहिल्या, घाईने काढलेले निष्कर्षही राहिले. त्यावर त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या पिढीतील इतिहासकारांनी कठोर टीका केली.

वृत्तपत्रातून संसदेत

विसाव्या शतकाच्या आरंभी रोमानियातील उच्चवर्ग फ्रेंच बोलत असे आणि खेड्यांतला शेतकरी जमीनदारांच्या कर्जाखाली दबलेला होता. योर्गा यांनी दोन्ही प्रश्न हाती घेतले. मार्च १९०६ मध्ये बुखारेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात होणाऱ्या फ्रेंच प्रयोगाविरुद्ध त्यांनी विद्यार्थ्यांचे आंदोलन उभे केले. त्याच वर्षी 'नेआमुल रोमुनेस्क' हे नियतकालिक सुरू केले. १९०७ मध्ये शेतकऱ्यांचे बंड सैन्याच्या बळावर चिरडले गेले, तेव्हा त्यांनी उघडपणे शेतकऱ्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी ते संसदेवर निवडून गेले. १९०८ पासून वलेनी दे मुन्ते या डोंगराळ गावी त्यांनी उन्हाळी विद्यापीठ चालवले. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलाखालील रोमानियन तरुणही तेथे येत असत.

या कार्याला एक काळी बाजू होती. १९१० मध्ये ए. सी. कुझा यांच्यासह त्यांनी स्थापन केलेल्या राष्ट्रवादी लोकशाही पक्षाच्या कार्यक्रमात ज्यूविरोध ठळक होता. पहिल्या महायुद्धानंतर योर्गा यांनी कुझांशी फारकत घेतली आणि त्यांची भाषा सौम्य झाली. परंतु १९३७ मधील एका पुस्तिकेत जुना ज्यूद्वेष पुन्हा उमटला. कुझा मात्र त्याच वाटेने पुढे गेले आणि त्यांच्या नव्या संघटनेतूनच कोर्नेलियू कोद्रेआनू हा तरुण पुढारी तयार झाला. त्याने १९२७ मध्ये वेगळी चूल मांडली. ती संघटना पुढे आयर्न गार्ड या नावाने ओळखली गेली.

तेरा महिन्यांचे पंतप्रधानपद

महायुद्धात अर्धा देश शत्रूच्या ताब्यात असताना, डिसेंबर १९१६ मध्ये याश येथील संसदेत योर्गा यांनी केलेले भाषण रोमानियन जनतेला धीर देणारे ठरले. युद्धानंतर ते कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले. एप्रिल १९३१ मध्ये राजे कॅरोल दुसरे यांनी पक्षांना बाजूला सारून त्यांच्याकडे पंतप्रधानपद सोपवले. जागतिक मंदीचा तो काळ होता. तिजोरीत पैसा नव्हता, सरकारी नोकरांचे आणि शिक्षकांचे पगार थकले होते. शेतकऱ्यांच्या कर्जाचा भार हलका करणारा कायदा १९३२ च्या एप्रिलमध्ये झाला. पण बँकांचा विश्वास उडाला आणि जूनच्या आरंभी सरकार गेले. वर्गात आणि व्यासपीठावर प्रभावी ठरणारा हा विद्वान मंत्रिमंडळ सांभाळण्यात कमी पडला, असेच त्यांच्या कारकिर्दीबद्दल बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

एक पत्र आणि त्याचा शेवट

१९३८ मध्ये कॅरोल यांनी लोकशाही गुंडाळून सत्ता आपल्या हाती घेतली. योर्गा राजाच्या बाजूने उभे राहिले. आयर्न गार्डच्या उपाहारगृहांवर आणि दुकानांवर त्यांनी टीका करताच कोद्रेआनूने त्यांच्या प्रामाणिकपणावर हल्ला चढवणारे पत्र लिहिले. योर्गा यांनी तक्रार केली आणि कोद्रेआनूला सहा महिन्यांची कैद झाली. राजाला हवी असलेली संधी त्यातून मिळाली. दुसऱ्या खटल्यात शिक्षा दहा वर्षांवर गेली आणि ३० नोव्हेंबर १९३८ रोजी कैदेतील कोद्रेआनूला ठार करण्यात आले. त्या मृत्यूचे खापर आयर्न गार्डने योर्गांवरही फोडले.

१९४० मध्ये रोमानियाने मोठा भूभाग गमावला, कॅरोल यांनी सिंहासन सोडले आणि सप्टेंबरमध्ये जनरल आंतोनेस्कू यांच्यासह आयर्न गार्ड सत्तेवर आला. नोव्हेंबरच्या भूकंपात वलेनी येथील घराची पडझड झाल्याने योर्गा सिनाया येथे राहत होते. २६ नोव्हेंबरच्या रात्री जिलावा तुरुंगात साठहून अधिक कैद्यांची कत्तल झाली. दुसऱ्या दिवशी गार्डच्या एका टोळीने योर्गांना घरातून उचलून नेले आणि प्लोयेश्तजवळील स्त्रेझ्निकू गावाजवळ गोळ्या घालून ठार केले. अर्थतज्ज्ञ आणि माजी मंत्री विर्जिल मद्जारू यांचीही त्याच दिवशी हत्या झाली. दोन महिन्यांच्या आतच आंतोनेस्कू यांनी आयर्न गार्डचे बंड मोडून काढले.

योर्गा यांनी १९३७ मध्ये बुखारेस्ट येथे स्थापन केलेल्या इतिहास संस्थेला १९६५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. वलेनी येथील त्यांचे घर आज स्मारक संग्रहालय आहे. त्यांच्या ग्रंथांचा आधार संशोधक अजूनही घेतात. त्यांच्या राजकीय लेखनातील द्वेषाची चर्चाही रोमानियात थांबलेली नाही. विद्वत्ता आणि विवेक यांची वाट नेहमी एकच असते असे नाही, हे त्यांच्या चरित्रातून दिसते. आणि द्वेष एकदा राजकारणात रुजला की त्याचे पुढे काय होईल, ते पेरणाऱ्याच्या हाती राहत नाही, हेही.