‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि प्रौढांची हाडे
दृष्टीला आवश्यक असलेले ‘अ’ जीवनसत्त्व गोळ्यांतून दीर्घकाळ अतिप्रमाणात घेतल्यास हाडांना बाधक ठरू शकते. दोष रेटिनॉलकडे जातो. प्राण्यांचे यकृत, कॉड माशाचे यकृततेल व अनेक गोळ्यांत ते असते. त्याच्या अतिरेकाने हाड झिजवणाऱ्या पेशींना चालना मिळते. अमेरिकेत ७२ हजारांहून अधिक रजोनिवृत्त परिचारिकांच्या १८ वर्षांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दररोज २००० मायक्रोग्रॅम वा अधिक रेटिनॉल घेणाऱ्यांत खुब्याच्या अस्थिभंगाचा धोका, ५०० पेक्षा कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट आढळला. नंतरच्या सर्वच अभ्यासांनी याला दुजोरा दिलेला नाही, हेही खरे. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांतील बीटा-कॅरोटिनवर मात्र हा ठपका नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या जोडीने यकृततेलही चालू असल्यास दोन्ही वेष्टनांवरील आकड्यांची बेरीज डॉक्टरांना दाखवावी.