विचारणाऱ्याची भाषा

कागद सांभाळणारा आणि कागदाला प्रश्न विचारणारा ही बहुधा दोन वेगळी माणसे असतात, आणि पहिल्याची दुसऱ्यावर सत्ता चालते. महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको. गावचे दफ्तर कुलकर्ण्याकडे, ते मोडीत, आणि ज्याच्या जमिनीची नोंद त्यात आहे त्याला अक्षरओळख नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्णी आणि कारकुनांवर जो कोरडा ओढला, त्याच्या मुळाशी हीच विषमता होती. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड छापले गेले, तेव्हा दफ्तराचे दार थोडे उघडले. पण छापलेल्या खंडांतही संपादकाने जे निवडले तेवढेच वाचता येते. आपल्या मनातला प्रश्न आपणच साऱ्या दफ्तराला विचारावा, ही सोय तिथेही नव्हती.

या जुन्या प्रश्नाचे विसाव्या शतकातले एक प्रकरण संगणकाच्या इतिहासात आहे. मराठी वाचकांपुढे ते फारसे आलेले नाही, म्हणून हा लेखप्रपंच. माझा त्याच्याशी संबंध आला तो गरजेपोटी. जुन्या मराठी मासिकांतील लेखकांची सूची मी बरीच वर्षे कार्डांवर करत आलो आहे. कार्डे वाढली तशी ती मला आवरेनात. अखेर शनिवार-रविवारच्या एका प्रशिक्षणवर्गात नाव घातले. विषय होता एसक्यूएल ही भाषा आणि डेटाबेसचे प्रशासन. वर्गातली बाकीची मुले माझ्या मुलीच्या वयाची. आज्ञा कशा लिहायच्या हे तिथे उत्तम शिकवले. ही भाषा कोणी, कोणासाठी केली हे अभ्यासक्रमात नव्हते. ते मी नंतर शोधत गेलो.

1960च्या दशकात मोठ्या संस्थांची माहिती संगणकात जाऊ लागली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी आयडीएस ही प्रणाली रचली. आयबीएमने अपोलो चांद्रमोहिमेच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या कामातून आयएमएस उभी केली. या प्रणालींत एक नोंद दुसरीला साखळीने बांधलेली असे. आयएमएसमध्ये ती झाडाच्या फांद्यांसारखी लटके. हवी ती नोंद गाठायची तर कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर उतरायचे, हे आज्ञावली लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. बाखमन यांना 1973चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रॅमरला नाविकाचीच उपमा दिली. उपमा अचूक होती. मात्र तिचा दुसरा अर्थ असा, की नावाडी नसेल तर प्रवासही नाही. आधी कोणाला न सुचलेला प्रश्न साहेबाला पडला, की त्यासाठी नवी आज्ञावली लिहून घ्यावी लागे.

ही साखळी तोडण्याची कल्पना एडगर कॉड यांची. 1923 साली इंग्लंडमध्ये जन्म, ऑक्सफर्डचे शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, नंतर आयबीएममध्ये संशोधक. जून 1970मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे: सगळी माहिती साध्या सारण्यांत मांडावी, सारण्यांमधले नाते साखळीने न बांधता समान मूल्यांवरून ओळखावे, आणि माहिती यंत्रात प्रत्यक्ष कुठे ठेवली आहे याच्याशी विचारणाऱ्याला कर्तव्य नसावे. त्याने ‘काय हवे’ एवढे सांगावे. ‘कसे शोधायचे’ ते यंत्राने पाहावे.

आपल्याकडच्या सातबाऱ्यावरून हे पटकन कळते. सातबारा म्हणजे मुळात गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 यांचा जोड. एकात जमिनीवरचे हक्क, दुसऱ्यात पिके. दोन्ही जुळतात ते गट क्रमांकावरून. सातवर फेरफाराचा क्रमांक असतो, तो घेऊन सहा नंबरची फेरफार नोंदवही उघडली की हक्क कसा बदलला ते समजते. दोऱ्याने काहीच बांधलेले नाही. समान आकडा हाच दुवा. कॉड यांनी अशा व्यवहाराला गणिताचा पाया दिला.

पण गणिताचीही एक मोडी असते. कॉड यांनी सुचवलेल्या प्रश्नभाषा तर्कशास्त्राच्या चिन्हांनी भरलेल्या होत्या. त्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आणायचे काम आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुणांनी अंगावर घेतले. त्यांची पहिली भाषा स्क्वेअर. तिच्यात अक्षरांच्या पायाशी बारीक अक्षरे लिहावी लागत आणि ती कळफलकावर उमटत नसत. मग त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांची सीक्वेल ही भाषा केली. 1974च्या निबंधात ती कोणासाठी आहे हेही लिहिले. हिशेबनीस, अभियंते, वास्तुरचनाकार, नगररचनाकार. संगणक हा ज्यांचा धंदा नाही, पण ज्यांच्यापाशी प्रश्न आहेत, अशी माणसे. बॉइस त्याच वर्षी अकाली वारले.

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो यानंतरचा. भाषा सोपी आहे असे नुसते म्हणून हे लोक थांबले नाहीत. फिलिस राइझनर या संशोधक स्त्रीने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्क्वेअर आणि सीक्वेल प्रत्यक्ष वर्गात शिकवून परीक्षा घेतल्या. काहींना प्रोग्रॅमिंग येत होते, काहींना नव्हते. ज्यांना येत नव्हते त्यांना सीक्वेल अधिक जमली. म्हणजे या भाषेच्या पाळण्याजवळच एक प्रशिक्षणवर्ग होता, आणि त्या वर्गात परीक्षा विद्यार्थ्यांइतकीच भाषेचीही होत होती.

पुढची कथा बाजाराची आहे. सीक्वेल हे नाव दुसऱ्या कंपनीचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क असल्याने सोडावे लागले आणि एसक्यूएल उरले. आयएमएसवर चाललेल्या धंद्यामुळे आयबीएम रेंगाळली. 1979मध्ये एका छोट्या कंपनीने ओरॅकल बाजारात आणले. आयबीएमचे डीबी2 आले 1983मध्ये. 1986मध्ये अमेरिकेत आणि 1987मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एसक्यूएल प्रमाणभाषा ठरली. भाषा जिंकली, पण ती शिकला तो प्रोग्रॅमर. हिशेबनीस आणि नगररचनाकार पूर्वीसारखेच त्याच्या टेबलाशी उभे राहिले. 1990च्या दशकात आपल्या शहरांत जागोजागी संगणकाचे क्लास निघाले, त्यांच्या पाट्यांवर ओरॅकल हा शब्द झळकला. तो नोकरीचा शब्द होता, जिज्ञासेचा नव्हे.

त्या क्लासांतल्या पिढ्यांनी एक सारणी घोटून घेतली आहे. ओरॅकलसोबत सरावासाठी येणारी ‘एम्प’ ही कर्मचाऱ्यांची सारणी. 14 ओळी, 14 माणसे. मीही तिच्यावरच शिकलो. तिच्यात कमिशनचा एक रकाना आहे. चार विक्रेत्यांपैकी तिघांपुढे 300, 500 आणि 1400 हे आकडे आहेत, टर्नरपुढे शून्य आहे. उरलेल्या दहांपुढे काहीच नाही. याला एसक्यूएल ‘नल’ म्हणते. टर्नरला कमिशन लागू आहे, मिळाले मात्र शून्य. कारकून स्मिथला ते लागूच नाही. सरासरी काढायला सांगितली तर यंत्र 2200ला चारने भागून 550 सांगते. दहा रिकाम्या जागांना शून्य मानले असते तर उत्तर 157च्या आसपास आले असते.

इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थबकायला हवे. माझ्या सूचीत अनेक लेखांपुढे लेखकाचे नाव नाही. काही ठिकाणी मासिकानेच लेख निनावी छापला, काही ठिकाणी नाव असलेले पान फाटून गेले. एक मौन ठरवून पाळलेले, दुसरे वाळवीने लादलेले. कॉड यांनी पुढे असाच भेद सांगितला होता: असलेली पण अज्ञात माहिती वेगळी आणि लागूच नसलेली वेगळी. एसक्यूएलने मात्र दोन्हींसाठी एकच नल ठेवला. म्हणून मी त्यासाठी स्वतंत्र रकाना केला. टोपणनावांचेही तसेच. गोविंदाग्रज, बाळकराम आणि राम गणेश गडकरी ही कार्डांच्या पेटीत तीन ठिकाणी विखुरतात. व्यक्तींची सारणी एक आणि नावांची दुसरी केली, की माणूस एक राहतो आणि त्याची नावे तीन. कोणत्या वर्षी कोणत्या मासिकात टोपणनावाने अधिक लिहिले गेले, हे मी आता चार ओळींत विचारू शकतो. कार्डांच्या काळात असा प्रश्न माझ्या मनातही येत नसे. उत्तर काढण्याचे साधन नसले की प्रश्नही सुचेनासे होतात.

वर्गाचा उत्तरार्ध प्रशासनाचा होता. त्यात ‘ग्रँट’ आणि ‘रिव्होक’ या दोन आज्ञा येतात. कोणती सारणी कोणी पाहावी, कोणी बदलावी, हे त्यांनी ठरते. राखण लागतेच, आओजाओ घर तुम्हारा असे कोणतेही दफ्तर चालत नाही. पण विचारणाऱ्यासाठी केलेल्या या भाषेतच परवानगी देण्याचा आणि काढून घेण्याचा शब्द आहे, हे विसरू नये. आज शेतकऱ्याला आपला सातबारा मोबाइलवर दिसतो. हे मोठेच पाऊल आहे; फुल्यांच्या काळचा शेतकरी ते स्वप्नातही पाहू शकत नव्हता. तरीही गट क्रमांक किंवा नाव देऊन दिसतो तो एकेक उतारा. गेल्या वीस वर्षांत माझ्या गावातली किती जमीन गावाबाहेरच्यांच्या नावे झाली, हा प्रश्न ग्रामसभेला त्या पडद्यावर विचारता येत नाही. उत्तराला लागणाऱ्या नोंदी सारण्यांत आहेत. भाषाही पन्नास वर्षांपूर्वी तयार झाली आहे.

म्हणून इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना मोडीइतकीच ही भाषाही शिकवावी, असे माझे मत आहे. मोडी आली की जुना कागद वाचता येतो. एसक्यूएल आली की साऱ्या दफ्तराला एकदम हटकता येते, आणि रिकाम्या रकान्याला तू रिकामा का, असेही विचारता येते.